हायड्रोकार्बन आणि वाफेपासून हायड्रोजन: रिफॉर्मिंगच्या उत्प्रेरकाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायड्रोकार्बन आणि वाफेपासून हायड्रोजन बनवणाऱ्या यंत्राला रिफॉर्मर म्हणतात. त्याच्या भट्टीला लहान खिडक्या असतात. त्यातून आत पाहिले की ज्वाळांच्या मधे उभ्या नळ्यांच्या रांगा दिसतात. सगळ्या नळ्या एकसारख्या नारिंगी दिसत असतील तर बहुधा आत सारे ठीक असते. एखादी नळी मधेच उजळ दिसली, तर तिच्यातल्या उत्प्रेरकाला काहीतरी झाले आहे असे समजावे. या विषयात नव्याने पडणारे विद्यार्थी आणि प्रकल्पावर रुजू झालेले तरुण अभियंते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. बहुतेक उत्तरे फिरून त्या नळीपाशीच येतात.

रिफॉर्मिंगमध्ये नेमके घडते काय?

मिथेन (नैसर्गिक वायूतला मुख्य हायड्रोकार्बन) याचा एक रेणू आणि वाफेचा एक रेणू मिळून कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन रेणू तयार होतात. या अभिक्रियेला दर मोलमागे सुमारे २०६ किलोज्यूल उष्णता बाहेरून द्यावी लागते. तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडपैकी काही भाग आणखी वाफेशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन देतो. या दुसऱ्या अभिक्रियेला शिफ्ट म्हणतात आणि तिच्यातून सुमारे ४१ किलोज्यूल उष्णता परत मिळते. जमाखर्च मांडला तर उष्णतेची मागणीच कितीतरी मोठी राहते. म्हणून उत्प्रेरक गोळ्यांच्या रूपात नळ्यांत भरतात आणि नळ्या भट्टीत उभ्या करतात. वायू साधारण ४५० ते ६५० अंश सेल्सिअसला वरून आत शिरतो आणि ८०० ते ९०० अंशांना खालून बाहेर पडतो. दाब बहुधा २० ते ३५ बार असतो.

रेणूंची संख्या वाढते, मग दाब कमी असलेला बरा नाही का, हा प्रश्न हमखास येतो. समतोलाच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे. पण तयार झालेला हायड्रोजन पुढे दाबाखालीच लागतो. बाहेर पडणाऱ्या मोठ्या आकारमानाच्या वायूला दाबण्यापेक्षा आत जाणारा वायू आधीच दाबलेला असणे कितीतरी स्वस्त पडते. त्यामुळे दाबाने होणारे नुकसान जास्त तापमान आणि जास्त वाफ देऊन भरून काढतात.

उत्प्रेरक समतोल बदलत नाही. मग चांगल्या उत्प्रेरकाने फरक काय पडतो?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच. नळीतून बाहेर पडताना वायू समतोलाच्या जवळ पोहोचलेला असतो, आणि साधारण उत्प्रेरकसुद्धा तिथवर पोहोचवतो. म्हणून पुष्कळजण फक्त शिल्लक मिथेनचा आकडा पाहतात आणि उत्प्रेरक ठीक आहे असे ठरवून मोकळे होतात.

नळीच्या वरच्या भागात मात्र गोष्ट वेगळी असते. ज्वाळा बाहेरून सतत उष्णता ओतत असतात, आणि आतली अभिक्रिया ती शोषून घेत असते. नळीला थंड ठेवणारी गोष्ट म्हणजे आत चाललेली अभिक्रियाच. उत्प्रेरक मंदावला की तेवढी उष्णता खपत नाही आणि धातू तापतो. या नळ्या साधारण २५ टक्के क्रोमियम, ३५ टक्के निकेल आणि थोडे नायोबियम असलेल्या मिश्रधातूच्या, फिरत्या साच्यात ओतून केलेल्या असतात. त्यांचे आयुष्य बहुधा १ लाख तास, म्हणजे ११ वर्षांहून थोडे अधिक धरलेले असते. तापमान ठरल्यापेक्षा सतत २० अंशांनी जास्त राहिले तर हे आयुष्य जवळपास निम्मे होते. तापलेला धातू दाबाखाली हळूहळू ताणला जातो आणि एक दिवस उभा चिरतो. पूर्ण संच बदलण्याचा खर्च आणि तोवर प्रकल्प बंद राहण्याचे नुकसान, यांच्यापुढे उत्प्रेरकाची किंमत लहान असते. म्हणून उत्प्रेरकाची परीक्षा शिल्लक मिथेनबरोबरच नळीच्या धातूचे तापमान आणि नळीतली दाबाची घट यांवरूनही करावी.

निकेलच का वापरतात?

ऱ्होडियम आणि रुथेनियम निकेलपेक्षा जास्त सक्रिय आहेत आणि त्यांच्यावर कार्बनही कमी साचतो. पण मोठ्या भट्टीत कित्येक टन उत्प्रेरक लागतो, तिथे हे मौल्यवान धातू परवडत नाहीत. लहान, आटोपशीर यंत्रांत ते वापरले जातात. लोह आणि कोबाल्ट एवढ्या वाफेत ऑक्साइडच्या रूपात जाऊ पाहतात. निकेल मात्र हायड्रोजन असेपर्यंत धातूच्या रूपात टिकते, कार्बन आणि हायड्रोजनमधला बंध तोडते आणि परवडतेही.

यामागचा इतिहासही जाणण्यासारखा आहे. १९०२ मध्ये पॉल साबातिए आणि सांदरां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी निकेलवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन तयार केला होता, म्हणजे आपल्या अभिक्रियेच्या नेमके उलट. उत्प्रेरक दोन्ही दिशांना सारखाच वेग देतो, त्यामुळे जो धातू मिथेन बनवतो तोच तापमान वाढवल्यावर मिथेन मोडतो. औद्योगिक रिफॉर्मर उभे राहिले ते १९३० च्या दशकात: आधी अमेरिकेत बॅटन रूज येथे स्टँडर्ड ऑइलचा, नंतर १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये बिलिंगहॅम येथे आय.सी.आय. या रसायन कंपनीचा. तेव्हापासून निकेल ज्यावर बसवतात तो आधार, गोळीचा आकार आणि घटकांचे प्रमाण पुष्कळ बदलले, पण बहुतेक भट्ट्यांतला सक्रिय धातू निकेलच राहिला.

निकेल कशावर बसवलेले असते?

अल्फा अ‍ॅल्युमिना, कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट किंवा मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनेट यांच्यावर. एरवी उत्प्रेरकासाठी जास्त पृष्ठभाग असलेला गॅमा अ‍ॅल्युमिना आवडता असतो. पण वाफेत आणि एवढ्या तापमानात त्याची रचना बदलते, पृष्ठभाग गमावला जातो आणि गोळी कमजोर होते. म्हणून आधीच उच्च तापमानाला भाजलेला, कमी पृष्ठभागाचा पण दणकट आधार निवडतात. सिलिका मात्र शक्य तितकी कमी हवी. तापलेल्या, दाबाखालच्या वाफेत ती बाष्परूपाने निघून जाते आणि पुढे बॉयलरच्या थंड पृष्ठभागावर जाऊन बसते. मोकळे मॅग्नेशियम ऑक्साइड असेल तर भट्टी सुरू किंवा बंद करताना कमी तापमानाला वाफ लागून त्याचे हायड्रॉक्साइड बनते, फुगते आणि गोळीला तडे जातात.

निकेलचे सूक्ष्म कण एकत्र येऊन मोठे होण्याची भीती तर कायमची. निकेल १४५५ अंशांना वितळते. केल्व्हिनमध्ये मोजलेल्या या तापमानाच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण ५९० अंशांनंतर, त्याचे अणू सरकायला लागतात. रिफॉर्मर त्याच्या बराच वर चालतो. म्हणून नवा उत्प्रेरक पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत झपाट्याने सक्रियता गमावतो आणि मग स्थिरावतो. ही सुरुवातीची घसरण पाहून घाबरू नये.

गोळीला एवढी भोके कशासाठी?

अभिक्रिया इतकी वेगवान असते की वायू गोळीच्या गाभ्यापर्यंत पोहोचायच्या आतच बाहेरच्या पातळ थरात काम उरकते. गोळीतल्या निकेलचा खरा उपयोग १० टक्क्यांहूनही कमी होतो. मग गाभा भरीव ठेवून काय साधणार? भोके पाडली की बाहेरचा पृष्ठभाग वाढतो, वायूला वाट मिळते आणि दाबाची घट कमी राहते. म्हणून जुन्या साध्या कड्यांच्या जागी ४, ७ किंवा १० भोकांचे, कधी घुमटासारख्या टोकांचे, कधी बाजूने खाचा असलेले दंडगोल आले.

गोळी लहान केली तर सक्रियता आणि भिंतीकडून वायूकडे होणारे उष्णतावहन सुधारते, पण दाबाची घट वाढते. भोके वाढवली तर घट कमी होते, पण ताकद जाते. ताकदीला महत्त्व का, हे नळीचा स्वभाव पाहिला की कळते. धातू सिरॅमिकपेक्षा जास्त प्रसरण पावतो. तापल्यावर नळी रुंदावते, गोळ्या खाली बसतात. भट्टी बंद झाली की नळी आकसते आणि त्यांना दाबते. बंद करण्याच्या प्रत्येक खेपेला थोडा चुरा होतोच.

गंधकाला एवढे का घाबरतात?

कारण ते निकेलवर घट्ट बसते, आणि तापमान कमी असेल तिथे जास्तच घट्ट. नळीचा वरचा, थंड भाग पहिला बळी पडतो. तिथली अभिक्रिया थांबली की तिथला धातू तापतो आणि अर्धवट मोडलेल्या हायड्रोकार्बनपासून कार्बन साचू लागतो. म्हणजे एका दुखण्यातून दुसरे.

त्यामुळे कच्च्या वायूतले गंधक ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.१ भागाच्या) खाली आणूनच तो आत सोडतात. हे काम दोन टप्प्यांत होते. आधी कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावर थोडा हायड्रोजन मिसळून मर्कॅप्टन आणि थायोफिनसारखी संयुगे मोडतात व त्यांतले गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात आणतात. मग ३५० ते ४०० अंशांच्या आसपास झिंक ऑक्साइडचा थर ते पकडून ठेवतो. पहिला टप्पा नीट चालला नाही तर झिंक ऑक्साइड कितीही ताजे असले तरी थायोफिन तसेच पुढे निघून जाते. नेमके हेच तपासायचे राहून जाते.

गंधकाचा मार थोडाफार भरून निघतो. शुद्ध वायू आणि भरपूर वाफ दिली, तापमान जास्त ठेवले, तर ते हळूहळू सुटते. आर्सेनिकचे तसे नाही. ते नळीच्या भिंतीतही मुरते, त्यामुळे नवा उत्प्रेरक भरल्यावर त्यालाही त्रास देऊ शकते. क्लोराइड निकेलला त्रास देतेच, पण पुढच्या तांब्याच्या शिफ्ट उत्प्रेरकाचे त्याहून जास्त नुकसान करते.

कार्बन कसा साचतो आणि तो कसा टाळायचा?

कार्बन तीन प्रकारे येतो.

सर्वांत घातक प्रकार तंतूंचा. हायड्रोकार्बन निकेलच्या कणावर मोडतो, कार्बनचे अणू त्या कणात विरघळतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडून तंतू वाढायला लागतो. निकेलचा कण आधारापासून उचलला जाऊन तंतूच्या टोकावर बसतो. गंमत अशी की टोकावर असल्याने तो सक्रियच राहतो, त्यामुळे सुरुवातीला वायूच्या पृथक्करणात काहीच दिसत नाही. तेवढ्यात तंतू गोळीच्या छिद्रांत वाढत जातात, गोळी आतून फोडतात आणि नळी चोंदते. रिकामी करताना अशा नळीतून गोळ्यांऐवजी काळी भुकटी निघते.

दुसरा प्रकार जास्त तापमानाला हायड्रोकार्बन नुसत्या उष्णतेने मोडल्यामुळे होतो. हा कार्बन गोळ्यांवर आणि नळीच्या भिंतीवर लेपासारखा बसतो. तिसरा कमी तापमानाचा, बहुधा नॅफ्थासारख्या जड द्रवांबरोबर दिसणारा: अर्धवट मोडलेल्या रेणूंची डिंकासारखी पापुद्री निकेलवर चढते आणि त्याला झाकून टाकते.

बचावाचा पहिला उपाय वाफ. कार्बनच्या एका अणूमागे वाफेचे किती रेणू, याला वाफ-कार्बन गुणोत्तर म्हणतात. नैसर्गिक वायूसाठी ते साधारण २.५ ते ३.५ ठेवतात, नॅफ्थासाठी त्याहून वर. जास्त वाफ म्हणजे जास्त इंधन, म्हणून हा आकडा खाली आणायचा मोह सर्वांना होतो. वायूचा दर्जा स्थिर असेल, शुद्धीकरण चोख असेल आणि उत्प्रेरक त्यासाठीच बनवलेला असेल, तर थोडे खाली जाता येते. पण वायूमापकात चूक असेल, किंवा वायूत जड घटक अचानक वाढले, तर कागदावरचे ३ प्रत्यक्षात २ असते आणि ते कुणाला कळतही नाही. म्हणून मापके वरचेवर पारखून घ्यावीत. वाफ तुटली तर हायड्रोकार्बन तत्काळ थांबलाच पाहिजे. ही सुरक्षा-साखळी कोणत्याही कारणाने बाजूला ठेवू नये.

उत्प्रेरकात पोटॅश का मिसळतात?

पोटॅशियम कार्बन आणि वाफेची अभिक्रिया वेगवान करते, म्हणजे साचू पाहणारा कार्बन लगेच वायूत जातो. शिवाय आधाराचा आम्लधर्म ते मारते, आणि आम्लधर्मी जागीच हायड्रोकार्बन तुटून कार्बनची सुरुवात होत असते. नॅफ्थापासून रिफॉर्मिंग शक्य झाले ते अशा क्षारयुक्त उत्प्रेरकामुळे. आय.सी.आय.ने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते उद्योगात आणले.

याची किंमतही मोजावी लागते. पोटॅशमुळे निकेलची सक्रियता घटते, आणि काळाच्या ओघात ते वाफेबरोबर थोडे थोडे पुढे निघून जाते. म्हणून ते पूर्ण नळीभर न वापरता वरच्या एक तृतीयांश ते निम्म्या भागात वापरतात, कारण जड हायड्रोकार्बन तिथेच असतात आणि हायड्रोजन अजून कमी असतो. खालच्या भागात साधा निकेल उत्प्रेरक पुरतो.

प्री-रिफॉर्मर असला तर काय बदलते?

भट्टीच्या आधी एक साधे पात्र बसवतात, त्याला बाहेरून उष्णता दिलेली नसते. त्यात ४५० ते ५५० अंशांच्या टप्प्यात, निकेलचे प्रमाण बरेच जास्त असलेल्या उत्प्रेरकावर, इथेनपासून नॅफ्थापर्यंतचे जड घटक मोडून मिथेन, हायड्रोजन आणि कार्बनचे ऑक्साइड तयार होतात. ही पद्धत ब्रिटनमध्ये नॅफ्थापासून शहरी गॅस बनवताना विकसित झाली. जड घटक संपल्यावर वायू भट्टीत शिरण्याआधी ६५० अंशांपर्यंत तापवता येतो आणि नळ्यांवरचा भार हलका होतो. चुकून सुटलेले गंधकही या पात्रातच अडकते. कच्चा माल वरचेवर बदलत असेल तर माझ्या मते प्री-रिफॉर्मर असावाच.

नळीवर उजळ पट्टा दिसतो. उत्प्रेरक बदलावा का?

आधी पट्टा कुठे आहे ते पाहा. वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर पट्टा असेल आणि दाबाची घट वाढत असेल, तर कार्बनचा संशय घ्यावा. बहुतेक सर्व नळ्यांचा वरचा भाग एकदम तापला, शिल्लक मिथेन वाढला आणि दाबाची घट मात्र तशीच असेल, तर गंधक. एखादीच नळी वरपासून खालपर्यंत उजळ असेल तर तिच्यातून वायू कमी जातो आहे. ती चोंदली आहे किंवा मुळात नीट भरलेली नाही. ठिपक्यांसारखे उजळ डाग दिसले तर गोळ्या भरताना मधे अडकून पोकळी राहिली असावी. आणि हे सगळे उत्प्रेरकावर ढकलण्याआधी बर्नर पाहा, कारण वाकडी ज्वाळा नळीला चाटत असली तरी असाच डाग दिसतो.

ताज्या, तंतुरूप कार्बनला वाफेने जाळून काढता येते. हायड्रोकार्बन थांबवून काही तास फक्त वाफ देतात. त्यात निकेलचेही ऑक्साइड बनते, म्हणून नंतर पुन्हा क्षपण, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू परत मिळवणे, करावे लागते. जुना, लेपासारखा कार्बन सहजी हटत नाही. फुटलेल्या गोळ्या तर कशानेच जुळत नाहीत.

उत्प्रेरक भरताना कशाकडे लक्ष द्यावे?

सगळ्या नळ्यांतून सारखा वायू जायला हवा, कारण एकाच भट्टीत शेकडो नळ्या समांतर असतात. जुनी पद्धत कापडी मोज्यांत गोळ्या भरून त्या दोरीने तळाशी सोडण्याची. नव्या पद्धतीत लवचीक ब्रश किंवा स्प्रिंग लावलेली दोरी नळीत सोडून गोळ्यांचा वेग कमी करतात आणि घनदाट, एकसारखा थर मिळवतात. भरल्यावर प्रत्येक नळीची दाबाची घट मोजावी. सरासरीपासून ५ टक्क्यांहून जास्त फरक असलेली नळी रिकामी करून पुन्हा भरावी. हे काम कंटाळवाणे असते, आणि प्रकल्प बंद असण्याच्या शेवटच्या दिवसांत सगळ्यांना घाई झालेली असते. तिथे केलेली हयगय पुढची चार वर्षे खिडकीतून दिसत राहते.

नवा उत्प्रेरक लगेच काम करतो का?

नाही. तो निकेल ऑक्साइडच्या रूपात येतो. वाफेबरोबर हायड्रोजन किंवा नैसर्गिक वायू देऊन त्याचे क्षपण करावे लागते. हायड्रोजन असेल तर वाफेचे प्रमाण त्याच्या ६ ते ८ पट ठेवतात. वरचा भाग थंड असतो, त्यामुळे तिथले क्षपण अपुरे राहण्याचा धोका असतो. म्हणून वरचा थर काहीजण आधीच क्षपण केलेल्या उत्प्रेरकाचा घेतात. निकेल आणि अ‍ॅल्युमिना यांचे संयुग बनले असेल तर त्याला बरेच जास्त तापमान लागते.

निकेल कार्बोनिलचा धोका खरा आहे का?

पूर्ण खरा. साधारण २०० अंशांच्या खाली क्षपित निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र आले तर निकेल कार्बोनिल हा अत्यंत विषारी, बाष्पनशील पदार्थ तयार होऊ शकतो. भट्टी थंड करताना त्या तापमानाच्या वर असतानाच कार्बन मोनॉक्साइड पूर्ण बाहेर काढून नायट्रोजन भरावा.

उत्प्रेरक किती वर्षे टिकतो?

चांगल्या परिस्थितीत ३ ते ५ वर्षे, कधी जास्तही. पण वर्षे मोजण्यापेक्षा नळीचे तापमान, समतोलापासूनचे अंतर आणि दाबाची घट यांचा आलेख ठेवावा.

रिफॉर्मरनंतर काय होते?

उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडची शिफ्ट अभिक्रिया आधी ३५० ते ४५० अंशांना लोह-क्रोमियमच्या, आणि गरज असल्यास पुढे २०० अंशांच्या आसपास तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावर होते. मग दाब बदलून अधिशोषणाने ९९.९ टक्क्यांहून शुद्ध हायड्रोजन वेगळा करतात.

या पद्धतीत कार्बन डायऑक्साइड किती निघतो? चांगला उत्प्रेरक तो कमी करेल का?

समीकरणातूनच १ किलो हायड्रोजनमागे ५.५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टीचे इंधन धरले तर आकडा ९ ते १० किलोच्या आसपास जातो. पहिला भाग कोणत्याही उत्प्रेरकाने कमी होणार नाही, तो पकडून साठवावा लागेल. इंधनाचा भाग मात्र कमी होऊ शकतो: कमी वाफेवर टिकणारा उत्प्रेरक, कमी दाबाची घट, चांगले उष्णतावहन. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी नळीच्या धातूलाच विजेने तापवून आतल्या भिंतीवर उत्प्रेरकाचा पातळ थर दिलेला रिफॉर्मर दाखवला. उष्णता आणि अभिक्रिया अगदी शेजारी आल्याने यंत्र खूप लहान होऊ शकते आणि इंधन जाळावे लागत नाही. वीज कुठून येते यावर पुढचा हिशेब ठरतो.

वापरून झालेल्या उत्प्रेरकाचे काय करायचे?

क्षपित निकेल हवेत आपोआप तापते, म्हणून रिकामे करण्याआधी वाफेने त्याचे ऑक्साइड करून घेतात किंवा नायट्रोजनच्या आवरणाखाली काढतात. निकेलची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. निकेलच्या संयुगांना कर्करोगकारक मानले जाते, त्यामुळे काम करणाऱ्यांना हवापुरवठा असलेले मुखवटे हवेतच. काढलेला माल घट्ट झाकणाच्या पिंपांत भरून निकेल परत मिळवणाऱ्या कारखान्याकडे पाठवतात. पिंपावर तो कोणत्या नळीतून आणि किती उंचीवरून निघाला हे लिहून ठेवले, आणि त्यातले थोडे नमुने गंधक, कार्बन व चिरडण्याची ताकद यांसाठी तपासून घेतले, तर मागच्या चार वर्षांत भट्टीत काय काय झाले ते त्यावरून वाचता येते.